सातव्या क्रमांकाची हजेरी

प्रत्यक्ष गोरिला मी एकदाही पाहिलेला नाही. हे प्रथमच सांगून टाकलेले बरे, कारण या कामाविषयी बोलू लागले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. मात्र एके काळी मध्य आफ्रिकेतल्या एका जंगलातील एकोणीस गोरिलांना मी केवळ नाकावरून ओळखत असे. आचोळ्याच्या आमच्या इमारतीत जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्यांची नावे आठवायला मला त्याहून अधिक वेळ लागे.

मी वसईजवळच्या आगाशीच्या एका शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. त्या तीस वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते शनिवारच्या दुपारी, शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेत चालणाऱ्या एका बिनपगारी कामाविषयी आणि त्यात माझ्या हातून झालेल्या चुकीविषयी.

काम आमच्याकडे आले ते फिलोमिनामुळे. ही माझी जुनी विद्यार्थिनी. पुढे ती सिस्टर झाली आणि मिशनच्या दवाखान्यात काम करण्यासाठी आफ्रिकेत गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिचे पत्र आले. तिच्या दवाखान्यामागे डोंगरभर पावसाचे जंगल होते, आणि ते जंगल व त्यातले गोरिला वाचवण्यासाठी देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी चालवलेला एक लहानसा तळ होता. तळावर फोटोंचे ढीग साचले होते आणि ते पाहायला माणसे नव्हती. "बाई," तिने लिहिले होते, "तुम्ही आम्हाला जास्वंदीचे फूल उभे कापून त्यातला एकेक पुंकेसर मोजून काढायला लावायचात. एक कमी पडला तर वही परत यायची. इथे तशी नजर हवी आहे."

बाहेरच्या माणसाला हे काम थोडक्यात समजावून सांगते. गोरिलाच्या नाकपुड्यांच्या वरच्या भागावर सुरकुत्या असतात. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कोणाशी जुळत नाही, तशाच या सुरकुत्याही एकाच्या दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. मायलेकरांत थोडे साम्य असते, इतकेच. माग काढणारी माणसे लांबून फोटो काढत. दर महिन्याला त्यांचा जुडगा टपालाने आमच्याकडे येई. आम्ही प्रत्येक नाक भिंगाखाली पाहून, कार्डावरच्या रेखाचित्राशी ताडून, त्या प्राण्याचा क्रमांक ठरवत असू आणि हजेरीपत्रकात 'ह' लिहीत असू. जो जुडग्यात सापडला नाही, त्याच्यापुढे 'गै'.

या 'गै'ला फार अर्थ होता. त्या जंगलात चोरटे शिकारी हरणांसाठी तारेचे फास लावत. गोरिलाचा हात त्यात अडकला तर तो आपल्या ताकदीने खुंटीसकट फास उपटून निघे, पण तार मनगटात रुतून राही. जखम चिघळे. मग तो कळपाच्या चालीने चालू शकत नसे आणि मागे पडे. असा मागे पडलेला प्राणी वेळेत सापडला, तर त्याला बेशुद्ध करून तार कापता येई. आमचा कळप माणसांना सरावलेला नव्हता. दरीच्या पलीकडून, पानांच्या आडून जे दिसे तेवढेच. आज कोण आहे आणि कोण नाही, हे माग काढणाऱ्यांनाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नसे. आम्ही 'गै' कळवला की शोध सुरू होई. आम्ही 'ह' लिहिला की होत नसे.

हजेरीपत्रक मी शाळेचेच वापरले आणि शाळेचेच नियम लावले. खाडाखोड करायची नाही. एका अक्षरावर दुसरे गिरवायचे नाही. चूक झालीच तर खालचे वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची.

आम्ही कायमचे तिघे होतो. दुसरे होते सावंत. हे आमच्याच इमारतीतले, मूळचे मालवणकडचे आणि फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला. शनिवारी अर्धा दिवस भरून ते थेट विरारला उतरत आणि आगाशीची एसटी पकडत. पाकिटे फोडणे, क्रमवार लावणे, पत्ते लिहिणे हे त्यांचे काम.

"बाई, वरच्या मजल्यावरचा पाटील मला अजून 'राणेसाहेब' म्हणतो," ते एकदा म्हणाले. "आणि मी इथे आफ्रिकेतल्या माकडांची नाकं पाठ करतोय."

"माकड नव्हे. माकडाला शेपटी असते."

"बरं. बिनशेपटीच्या पाटलांची."

तिसरे राफेलकाका. हे अर्नाळ्याचे. सत्तरीला टेकलेले. सायकलवरून येत आणि येताना कधी कधी वाळवून केळीच्या पानात बांधलेली सुकेळी आणत. चाळीस वर्षे त्यांनी फोटो स्टुडिओत रिटचिंग केले होते. म्हणजे निगेटिव्हवर किंवा छापलेल्या फोटोवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे, सुटलेली भुवई भरायची, उडालेला पदर सावरायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली पात्रता सांगितली ती अशी:

"बाई, तवा लोकांकडं फोटो नसायचे. घरातला मानूस गेला, की स्टुडिओत निरोप यायचा. मग त्याला खुर्चीत बसवून, मागनं दोरी लावून फोटो घ्यायचे. डोले मिटलेले. ते मी उघडायचो."

"म्हणजे?"

"पापनीवर बुबुळ काढायचो. असा, की घरचे म्हनायचे, हा आत्ताच बोलेल. किती जनांचे उघडले, मोजले नाय."

सावंतांनी हातातले सुकेळे परत पानावर ठेवले. मला मात्र त्यात फक्त हातांचे कसब दिसले. इतक्या बारीक रेषा हाताळलेला माणूस मला हवाच होता.

शाळा सुटल्यावरची शाळा किती निराळी असते, हे शिक्षकांखेरीज कोणाला ठाऊक नसते. बाकांवरून मुले उठून गेलेली असतात, पण खोलीला अजून त्यांची सवय असते. आम्ही प्रयोगशाळेच्या तीन भिंतींवर सुतळी बांधून तिच्यावर कार्डे आणि फोटो अडकवत असू. एकोणीस चेहरे. समुद्राकडून वारा आला की ते एकामागून एक हलत आणि मग एकदम थांबत. आमचा शिपाई खोली झाडायचा, पण त्या भिंतींकडे पाठ करत नसे. चौथ्या, रिकाम्या भिंतीकडे पाठ ठेवून तो आडवा सरकत झाडी. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "बाई, हे फोटो हलता हलता एकदम थांबतात. पोरं असली की सगळी एकदम गप्प बसायची तेवढी एकच वेळ असते. कोणीतरी आत आलं की."

बाजारात वर्गणी मागायला गेलो तर लोक विचारत, "इकडे आम्हाला आठ दिवसांनी टँकर मिळतो, बाई, आणि तुम्ही तिकडचा पाऊस वाचवायला निघालात?" जंगलाच्या रखवालदारांसाठी रेनकोट आणि गमबूट मात्र याच लोकांनी दिले.

आता सातव्या क्रमांकाविषयी.

सात ही कळपातली एक प्रौढ मादी. तिच्या नाकावर तीन आडव्या रेषा होत्या आणि मधली रेषा बरोबर मध्यावर तुटलेली होती. तिची चार वर्षांची, कानावर व्रण असलेली मुलगी सोळा नंबर. ती दर फोटोत आईला चिकटून बसलेली असे, इतकी की सोळा दिसली की शेजारचा काळा आकार सात, हे आम्ही न बोलता धरून चालू लागलो. राफेलकाका सातला 'मावशी' म्हणत. मी त्यांना एकदा बजावले की आपल्या कामात नाती लावायची नाहीत. "बरा," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी पुन्हा मावशी.

तिकडचा पावसाळा लागला आणि फोटो बिघडले. दरीत धुके भरे. पाने, अंधार आणि त्यात राखी चेहरे. नाकावरच्या रेषा असून नसल्यासारख्या. ते पाहून मी एक सोय केली. राफेलकाकांच्या हाती पेन्सिल दिली आणि म्हणाले, "भिंगातून ज्या रेषा दिसतात, त्या जरा गडद करून द्या. म्हणजे मला ताडून पाहता येईल." फोटो मॅट कागदावरचे होते, आणि मॅट कागद पेन्सिल छान धरतो. हे वाक्य माझे होते. ही सोयही माझीच होती.

त्या पावसाळ्यात तीन जुडगे आले. तिन्हींत सात हजर होती.

दुसऱ्या जुडग्याच्या वेळी सावंत भिंतीपुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "बाई, ही सात नंबर पापणी मिटत नाही का?"

मी पाहिले. बाकीचे सारे गोरिला खाली पाहत होते, पाला ओरबाडत होते किंवा मान वळवून बसले होते. गोरिला सहसा थेट डोळ्यांत पाहत नाहीत. त्यांच्यात ते आव्हान समजले जाते. सात मात्र धुक्यातून सरळ आमच्याकडे पाहत होती. पुढच्या फोटोतही तशीच. त्यानंतरच्याही.

"पिल्लू जवळ आहे," मी म्हणाले. "आई सावध असते."

स्पष्टीकरण शास्त्रशुद्ध होते. सावंतांनी मान डोलावली, पण त्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली.

याच सुमारास फिलोमिनाचे पत्र आले. तळावरच्या वृद्ध माग काढणाऱ्याला सात कित्येक दिवस दिसली नव्हती. त्याने हे सांगितले तेव्हा तळप्रमुखांनी आमचे हजेरीपत्रक उघडून दाखवले. त्यात 'ह' होता. मी परतीच्या टपालाने लिहिले की आमची पद्धत तिहेरी पडताळणीची असून नोंद अचूक आहे. ते पत्र लिहिताना मला किती बरे वाटले होते, हे मला आठवते.

तिसऱ्या जुडग्यासोबत तिचे आणखी एक पत्र होते. ते मी इथे आठवणीतून सांगते. वृद्धाने आता वाद घालणे सोडले होते. त्याचे म्हणणे असे: वसईच्या बाई खोटे लिहिणार नाहीत. सात तुमच्या फोटोत आहे आणि आमच्या डोळ्यांपुढे नाही. याचा अर्थ ती आमच्या मागून चालते. त्या दिवसापासून तो रांगेत सर्वांत शेवटी चालू लागला, म्हणजे तरुण पोरांच्या पाठीमागे ती येऊ नये. आणि अधूनमधून, फिलोमिनाने लिहिले होते, तो थांबून, न वळता, बाजूला सरून वाट देतो.

पत्र मी मोठ्याने वाचले. राफेलकाका टाक फिरवावा तशी पेन्सिल बोटांत फिरवत होते. दुपारचे चार वाजले असतील. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येऊन भिंतीवर तिरके पडले होते, आणि फोटोंची ओळ त्या उन्हात आली होती. तेव्हा मला ते दिसले. अठरा चेहऱ्यांवर गडद केलेली एखाददुसरी रेघ तेवढी लुकलुकली. एक सबंध चमकला. पेन्सिलीचे शिसे तिरक्या प्रकाशात चंदेरी दिसते, हे पाटीपेन्सिलीच्या वयापासून आपल्याला माहीत असते. सातच्या नाकावरच्या तिन्ही रेषा चमकत होत्या. मधली, तुटलेली, सर्वांत नीट. आणि दोन्ही बुबुळे चमकत होती.

मी उठून तिचे तिन्ही महिन्यांचे फोटो काढले. खिडकीपाशी नेऊन एकेक तिरका धरला. मग खोडरबर घेतले आणि एका फोटोवरून हलकेच फिरवले. रेषा गेल्या. डोळे गेले. त्याखाली धुके होते आणि काळा आकार. त्याला नाक होते की नाही, तेही सांगता येत नव्हते.

"राफेलकाका," मी म्हणाले, "इथे तुम्हाला काय दिसले होते?"

त्यांनी भिंग न घेताच फोटो डोळ्यांजवळ धरला.

"काय नाय दिसला," ते म्हणाले. "पोर दिसली. पोर बसली हाय म्हंजे आई असनार. मग हात आपला आपन चालला, बाई. मुद्दाम नाय केला."

"आणि डोळे? डोळे काढायला मी सांगितले नव्हते."

"नाय सांगितला." त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "मिटलेले हायत असा वाटला मला. कधी काढले, ते आठवत पन नाय."

सावंत म्हणाले, "काका, म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"हाताला कळला असंल."

मला त्यांच्यावर रागवता आले असते तर सोपे झाले असते. पण पेन्सिल मीच दिली होती. ज्या हाताला चाळीस वर्षे गेलेल्या माणसांचे चेहरे जिवंत करायची सवय, त्या हाताला मी 'अस्पष्ट दिसेल ते स्पष्ट करा' असे सांगितले होते. शिवाय पिल्लावरून आई ठरवायची ती चूक आम्हा तिघांची होती. वर्गात गैरहजर मुलाच्या नावाला शेजारचा मित्र 'हजर' म्हणतो, तेव्हा शिक्षकाने मान वर करून पाहायचे असते. इतकी वर्षे मी पाहत आले होते. इथे पाहिले नाही.

सावंत पुढच्याच एसटीने विरारला गेले आणि मिशनच्या मुख्य कचेरीला फॅक्स केला. मजकूर मी लिहून दिला होता: सात गैरहजर, बहुधा तीन महिन्यांपासून, नोंद चुकीची, ताबडतोब शोध घ्यावा. कचेरीने तो वायरलेसने तळावर कळवला.

ती जिवंत असेल, असे मी पुढचे सोळा दिवस मनाशी धरून होते. तार रुतलेले गोरिला महिनोन् महिने तग धरतात, असे मी वाचले होते. शाळेत जाताना, वर्गात फळ्यावर आकृती काढताना, घरी भाजी निवडताना मी एकच गोष्ट मनात करत होते. ती मोजणी होती. पहिला 'ह' कोणत्या दिवशी लिहिला, तो तिकडे कधी पोचला, तोवर ती कुठे असेल.

सतराव्या दिवशी उत्तर आले.

गोरिला रोज संध्याकाळी फांद्या वाकवून आणि पाला अंथरून झोपायला नवे घरटे करतो. एकात दोनदा झोपत नाही. कळपापासून दूर, ओढ्याच्या काठाने, वृद्धाला एकेकटी घरटी सापडली. अकरा. प्रत्येक आधीच्याच्या अधिकच जवळ. पहिल्या दोनांमध्ये एका शेताएवढे अंतर, शेवटच्या दोनांमध्ये दोन पावलांचे. शेवटची घरटी नीट बांधलेलीही नव्हती, नुसता पाला ओढून घेतलेला. शेवटच्यात ती होती. मनगटाच्या हाडाभोवती तार होती.

अकराच्या आधीची किती घरटी पावसाने विरून गेली, ते कोणाला सांगता आले नाही. त्यामुळे माझी मोजणी आजही अपुरी आहे. टपालाचे दिवस वजा केले, तर कधी वाटते की आम्ही 'गै' लिहिला असता तरी उशीरच झाला असता. कधी वाटते, चार-पाच दिवस हाती उरले असते. निर्णय देता येत नाही. एवढे मात्र खरे की ती रोज आपली हजेरी देत होती, आणि ती घेणारे कोणी नव्हते, कारण आमच्या कागदावर ती आधीच लागलेली होती.

पत्रात आणखी एक गोष्ट होती. सोळा जिवंत होती. धुक्यातल्या फोटोंत तिच्या शेजारी बसलेला काळा आकार कळपाच्या म्होरक्या नराचा होता. आईविना राहिलेल्या पोरीला त्याने आपल्याजवळ बसू दिले होते. ज्या चेहऱ्यावर राफेलकाकांनी आईचे नाक काढले, तो बापाचा चेहरा होता.

वृद्धाने सातला पुरले, आणि तरीही तो रांगेत शेवटीच चालत राहिला, असे फिलोमिनाने लिहिले होते. "मी विचारले, आता कशाला? तो म्हणाला, सवय झाली आहे. तिलाही झाली असेल."

मी हजेरीपत्रक काढले. तीन 'ह'वर तीन रेघा मारल्या, तीन सह्या केल्या.

काम आम्ही थांबवले नाही. पेन्सिल तेवढी बंद केली. राफेलकाका पुढेही येत राहिले, पण फोटोंना हात लावत नसत. कार्डे पुसत, सुतळी ताणत आणि खिडकीजवळ बसून राहत. पुढे त्या भागात लढाई पेटली, तळ उठला आणि जुडगे यायचे बंद झाले. त्याच काळात राफेलकाका गेले. त्यांच्या मुलाला फोटो हवा होता. आमच्या शनिवारांतला एक माझ्याकडे होता, त्यात त्यांनी नेमके डोळे मिटले होते. मी म्हणाले, दुसरा शोधते. मुलगा म्हणाला, "नको, बाई. पप्पांनी सांगून ठेवलंय. मिटलेले असले तर मिटलेलेच राहू दे."

सहा-सात वर्षांनी, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, पुन्हा एक पाकीट आले. तळ परत उभा राहिला होता. फोटो आता चकचकीत कागदावर होते, ज्यावर पेन्सिल उठत नाही. सावंतांची बदली झाली होती, तेव्हा मी एकटीच शनिवारी प्रयोगशाळेत बसले. भिंतीवर सुतळी बांधली. एकेक चेहरा अडकवत गेले. बरेच अनोळखी होते.

नवव्या फोटोत एक प्रौढ मादी पानांतून पुढे वाकली होती. नाकावर तीन आडव्या रेषा. मधली बरोबर मध्यावर तुटलेली. ती सरळ माझ्याकडे पाहत होती.

मी तो फोटो खिडकीपाशी नेला आणि तिरका धरला. मग दुसऱ्या बाजूने तिरका धरला. चमक होती ती कागदाची, सगळीकडे सारखी. भिंग घेऊन पुन्हा पाहिले. मायलेकरांत साम्य असते, हे मीच वर लिहिले आहे. कानावरचा व्रण सोळाचा होता. वयही तेवढेच भरत होते. शंकेला जागा नव्हती. मी तिहेरी पडताळणी केली.

हजेरीपत्रक उघडून मी 'ह' लिहिला आणि वही मिटण्यापूर्वी, सवयीने, क्रमांक पुन्हा वाचला. हात सातच्या ओळीवर गेला होता.

खोलीत मी एकटी होते. भिंतीवरचे फोटो हलायचे थांबले होते. मी सोळापुढे 'ह' लिहिला. मग नियमाप्रमाणे वरच्या ओळीतल्या चुकीवर एकच आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. रेघेखालचे अक्षर वाचता येते.